क्लब प्लेनवर ठेवायचा म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फच्या सराव रेंजवर कुणाचा चेंडू उजवीकडे वळून जाळीत गेला की शेजारच्या मॅटवरून हमखास सल्ला येतो, "प्लेन चुकतंय." सल्ला देणारा आपल्या पुढच्या चेंडूकडे वळतो आणि ऐकणारा तिथेच अडकतो. कुठलं प्लेन? कुठे चुकलं? सुधारायचं कसं? माझ्याबरोबर सराव करणाऱ्यांनी, विशेषतः चाळिशीनंतर गोल्फकडे वळलेल्यांनी, वर्षानुवर्षं जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. सगळी वर्णनं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

स्विंग प्लेन म्हणजे नेमकं काय?

कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. छपराच्या वळचणीला चेंडू ठेवला आहे आणि छपराचा उतार तुमच्या खांद्यांच्या दिशेने वर चढत येतो. क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, डोकं त्या उतारावरून वर जातं आणि उतारावरूनच खाली येतं. हा तिरका, सपाट पृष्ठभाग म्हणजे प्लेन.

छपराला दोन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या ठेवल्या तर पुढचा बराच गोंधळ टळतो. एक म्हणजे उतार: छप्पर किती उभं आहे, किती पसरट आहे. दुसरी म्हणजे वळचणीची रेषा कुठल्या दिशेला गेली आहे. ती टार्गेटकडे असू शकते, डावीकडे असू शकते किंवा उजवीकडे. "प्लेन चुकतंय" असं कुणी म्हटलं की आधी विचारा, उतार चुकतोय की दिशा? बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, कारण दोन्ही चुकांसाठी एकच शब्द वापरायची सवय पडली आहे.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनने 1957 मध्ये हीच कल्पना काचेच्या मोठ्या तावदानाने समजावली होती. चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेली काच, तिला डोकं बाहेर काढायला भोक, आणि बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे-वर नेताना) हातांनी त्या काचेच्या वर जायचं नाही. ते चित्र जगभर पोचलं. पण डाउनस्विंगचं, म्हणजे क्लब खाली येतानाचं, प्लेन वेगळं असतं, जरा पसरट असतं आणि त्याची दिशा टार्गेटच्या किंचित उजवीकडे असते, हेही होगनने त्याच वेळी सांगितलं होतं. ते फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. एकाच काचेवर वर जायचं आणि एकाच काचेवरून खाली यायचं, असा समज त्यामुळे पसरला आणि कित्येक जण आजही त्याच्या मागे लागलेले दिसतात.

म्हणजे क्लब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्लेनवर राहत नाही?

नाही. उभं राहताना शाफ्टचा (क्लबच्या दांड्याचा) जो कोन असतो, त्या रेषेवर क्लब निघतो. हात छातीच्या उंचीला येईपर्यंत शाफ्ट त्या रेषेच्या वर सरकलेला असतो आणि टोकाला पोचतो तेव्हा खांद्यांच्या उतारापाशी असतो. खाली येताना चांगल्या खेळाडूंचा शाफ्ट पुन्हा पसरट होतो, उजव्या कोपराजवळून जातो आणि चेंडूपाशी पहिल्या रेषेच्या थोडा वरच राहतो. फटक्याच्या वेळी हात उभं राहतानापेक्षा किंचित उंच असतात, म्हणून तसं होतं.

टेक्सासमधले बायोमेकॅनिक्सचे अभ्यासक यंग-हू क्वॉन आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 मध्ये कुशल खेळाडूंचे स्विंग मोजले. डाउनस्विंगच्या मध्यापासून फॉलोथ्रूच्या (फटक्यानंतरच्या हालचालीच्या) मध्यापर्यंतच्या टप्प्यात क्लबच्या डोक्याचा मार्ग जवळजवळ एकाच सपाट पृष्ठभागावर राहतो, असं त्यांना दिसलं. या तुकड्याला ते फंक्शनल स्विंग प्लेन म्हणतात. त्याआधी वर जे काही घडतं त्यात खेळाडूगणिक फरक असतो.

मग सांभाळायचं काय?

कमरेपासून कमरेपर्यंतचा प्रवास. उजव्या बाजूला शाफ्ट जमिनीला समांतर आल्यापासून डाव्या बाजूला तो पुन्हा समांतर होईपर्यंत. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात येतं आणि खालची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

साधारण डाउनस्विंग पाव सेकंदात संपतो. चेंडू क्लबफेसला (डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूला) चिकटलेला असतो तो सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात हाताने काही दुरुस्त करता येत नाही. कमरेपाशी क्लब ज्या मार्गावर असेल त्याच मार्गाने तो चेंडूवर पोचणार. वरच्या टोकाचा फोटो कितीही देखणा असला तरी कमरेपाशी क्लब बाहेर पडला असेल तर स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) ठरलेलाच. उलट वरती वेडावाकडा दिसणारा क्लब कमरेपाशी जागेवर आला, तर चेंडूला वरचं काहीच कळत नाही.

माझा क्लब प्लेनवर आहे का, हे यंत्राशिवाय कसं ओळखू?

ग्रिपच्या (क्लबच्या मुठीच्या) टोकाची कसोटी वापरा. जुनी आहे, फुकट आहे आणि चुकत नाही.

शाफ्ट जमिनीला समांतर असेल तेव्हा तो टार्गेट लाइनलाही समांतर हवा. बाकी कुठल्याही क्षणी क्लबचं जे टोक जमिनीच्या जवळ असेल ते चेंडूतून जाणाऱ्या टार्गेट लाइनकडे रोखलेलं हवं, किंवा त्या रेषेच्या थोडं आत, म्हणजे तुमच्या बाजूला. बॅकस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर झाला की थांबा आणि ग्रिपचं टोक कुठे बघतंय ते पाहा. ते तुमच्या पायांकडे रोखलेलं असेल तर शाफ्ट फार उभा झाला आहे. चेंडूच्या पलीकडे रोखलेलं असेल तर फार पसरट झाला आहे.

घरी हे रात्री करून बघा. पेन्सिलएवढा छोटा टॉर्च ग्रिपच्या टोकाला चिकटपट्टीने बांधायचा, दिवाणखान्यातला दिवा मालवायचा आणि फरशीच्या दोन ओळींमधली सांध ही टार्गेट लाइन मानायची. चेंडूच्या जागी सांधेवर एक नाणं ठेवा. आता हळू, अगदी हळू, बॅकस्विंग करा. सुरुवातीला उजेड तुमच्या पोटावर पडतो. शाफ्ट समांतर होऊन वर गेला की उजेडाचा ठिपका जमिनीवर उतरतो. तो सांधेवर किंवा सांधेच्या जरा अलीकडे पडून तिच्याच बाजूने सरकायला हवा. पहिल्या दिवशी माझा ठिपका थेट माझ्या अंगठ्यांवर येऊन थांबला. शाफ्ट किती उभा जातो हे त्याआधी मला तोंडी अनेकांनी सांगितलं होतं, पण ते पटलं त्या ठिपक्यामुळे.

पंखा बंद ठेवा आणि छत बघा. साध्या फ्लॅटमध्ये ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) घेऊन पूर्ण स्विंग करू नका. सात नंबरचा आयर्न (मधल्या लांबीचा क्लब) खाली धरून, नाहीतर लाटण्याएवढा आखूड दांडा घेऊनही हे जमतं.

मोबाइलवर व्हिडिओ काढून बघितलं तर?

जरूर बघा, पण आधी मोबाइल कुठे उभा आहे ते बघा. प्लेनसाठी व्हिडिओ मागून काढतात, म्हणजे मोबाइल तुमच्या उजव्या अंगाला, टार्गेटकडे तोंड करून. उंची हातांएवढी. जागा तुमच्या हातांच्या सरळ मागे. रोख टार्गेट लाइनला समांतर. हे तिन्ही जुळलं नाही तर व्हिडिओ खोटं बोलतो.

एका पावसाळ्यात मी या चुकीची पुरती किंमत मोजली. मॅटच्या मागे जागा नव्हती म्हणून तिपाई चेंडूच्या रेषेच्याही पलीकडे लावत होतो. तिथून प्रत्येक टेकअवे (बॅकस्विंगची सुरुवात) आत गेल्यासारखा दिसायचा, कारण कॅमेऱ्याच्या जवळचं क्लबचं डोकं हातांपेक्षा जास्त आत दिसतं. मुळात ठीक असलेला टेकअवे मी दोन महिने बाहेर ढकलत राहिलो. शाफ्ट उभा झाला, स्लाइस वाढला, ड्रायव्हर पिशवीतून काढायची इच्छा उरली नाही. मग मॅटवर दोन काठ्या टाकल्या, एक पायांपाशी आणि एक चेंडूपाशी, तिपाई त्या दोघींच्या मधोमध हातांच्या मागे आणली, आणि जुना टेकअवे पुन्हा करून पाहिला. तो बरोबर होता.

उभं राहण्यात काही चुकत असेल तर प्लेन बिघडतं का?

छपराचा उतार तुम्ही उभे राहता तेव्हाच निम्मा ठरतो. चेंडूच्या फार जवळ, ताठ उभे राहिलात तर हातांना वरच जावं लागतं. फार लांब, टाचांवर बसल्यासारखे उभे राहिलात तर क्लब अंगाभोवती फिरतो. कंबरेच्या सांध्यातून वाका, पाठ गोल करून नाही. हात खांद्यांखाली मोकळे लोंबू द्या. ग्रिपचं टोक आणि मांडी यांत वीतभर अंतर बहुतेकांना पुरतं, ड्रायव्हरला थोडं जास्त.

खांदे कुठे रोखलेत तेही तपासा. पाय टार्गेटला समांतर आणि खांदे डावीकडे उघडे, ही जोडी रेंजवर फार दिसते. पाय सगळे तपासतात, खांद्यांकडे कुणी बघत नाही.

टेकअवेत काय बघायचं?

शाफ्ट पहिल्यांदा समांतर होतो तेव्हा मागून पाहिल्यास क्लबचं डोकं हातांना झाकतं, किंवा हातांच्या किंचित बाहेर दिसतं. क्लबची कड साधारण पाठीच्या कण्याइतकी कललेली असते. मनगटं गोल फिरवून क्लब आत ओढला की डोकं हातांच्या आत दिसतं, फेस उघडतो (उजवीकडे वळतो), आणि तिथून वर जाण्यासाठी क्लबला एकदम उभं व्हावं लागतं. आत नेऊन बाहेरून आणणं, हा स्लाइस करणाऱ्यांचा ठरलेला मार्ग.

उपाय सोपा आहे. भिंतीकडे पाठ करून उभे राहा, भिंत तुमच्यामागे दोन-तीन इंचांवर. टेकअवेत क्लब भिंतीला लागला तर आत गेला.

वरच्या टोकाला क्लब कुठे असावा?

ड्रायव्हरचा शाफ्ट समांतरपर्यंत पोचला तर तो टार्गेट लाइनला समांतर. पोचला नाही, म्हणजे स्विंग आखूड असेल, तर तो थोडा डावीकडे रोखलेला दिसणारच, त्यात दोष नाही. टार्गेटच्या उजवीकडे रोखला तर त्याला लाइन ओलांडणं म्हणतात. यावर याहून जास्त वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

"ओव्हर द टॉप" कशामुळे होतं आणि ते जातं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डाउनस्विंगच्या सुरुवातीला उजवा खांदा आणि हात पुढे, चेंडूच्या दिशेने फेकले जातात. छप्पर उभं होतं आणि वळचणही डावीकडे वळते. क्लब बाहेरून आत, कुऱ्हाडीसारखा येतो. फेस त्या मार्गाला उघडा असेल तर चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो. फेस मार्गाइतकाच डावीकडे असेल तर सरळ डावीकडे जातो. ड्रायव्हरने स्लाइस आणि वेजने (आखूड क्लबने) पुल, म्हणजे सरळ डावीकडे, अशी जोडी ज्यांच्या नशिबी आहे त्यांचा स्विंग बहुधा एकच असतो.

आता कारण. "खांदा आवर" हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे, कारण खांदा पुढे येतो तो बहुतेक वेळा फेस उघडा असतो म्हणून. चेंडू सतत उजवीकडे जातो हे शरीर शिकलेलं असतं, आणि ते आपणहून क्लब डावीकडे फिरवायला लागतं. तुम्ही न ठरवता ही भरपाई होते. म्हणून आधी मार्ग सुधारायला गेलात तर काही दिवस चेंडू आणखी उजवीकडे जातो, माणूस घाबरतो आणि जुन्या सवयीकडे परततो.

लाँच मॉनिटर (क्लब आणि चेंडूची दिशा मोजणारं यंत्र) आल्यापासून एक गोष्ट निर्विवाद झाली आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतो तिकडे, ड्रायव्हरला तर जवळजवळ 85 टक्के. मार्ग आणि फेस यांतला फरक त्याला वळवतो. आधीची अनेक वर्षं याच्या उलट शिकवलं जात होतं, चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो असं. तुमच्या प्रोने (प्रशिक्षकाने) तुम्हाला तसं शिकवलं असेल तर तो त्या काळचा समज होता.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्यांदा ग्रिप, म्हणजे पकड: उभं राहून खाली पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे फिरवा. यानंतर अर्ध्या स्विंगने चेंडू डावीकडे वळवून दाखवा. मार्ग कसाही असो, वळण डावीकडे हवं. मुद्दाम डावीकडे. चेंडू डावीकडे जायला लागला की डावीकडे फिरवण्याचं कारणच उरत नाही, आणि बरेच जण इथेच आपोआप आतून यायला लागतात. हे पाहताना मला दर वेळी आनंद होतो.

उरलेल्यांसाठी क्लबचं कव्हर. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, चेंडूपासून चार-पाच बोटांवर आणि जरा मागे, ते ठेवा. कव्हरला न लागता चेंडू मारा. सुरुवात तीन-चतुर्थांश स्विंगने. कव्हर मऊ असतं म्हणून लागलं तरी इजा नाही. त्या जागी पाण्याची बाटली किंवा बकेट ठेवू नका, मनगटाला झटका बसतो.

आणि हालचालींचा क्रम: वर पोचल्यावर पाठ टार्गेटकडे क्षणभर राहू द्या आणि वजन डाव्या पायावर जाऊ द्या. हात तेवढ्यात आपोआप खाली येतात. हे शिकण्यासाठी वरून कमरेपर्यंत येऊन पुन्हा वर, असं दोनदा करा आणि तिसऱ्यांदा मारा.

सगळे "शॅलो कर" म्हणतात. करू का?

शॅलो म्हणजे डाउनस्विंगमध्ये शाफ्ट पसरट करणं. स्पेनच्या सर्जिओ गार्सियाचा स्विंग संथ गतीत पाहिला तर ते स्वच्छ दिसतं. पण फेस उघडा ठेवून शाफ्ट पाडला तर चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळतो, किंवा शँक होतो, म्हणजे चेंडू फेसऐवजी शाफ्टच्या सांध्याला लागतो. क्लब खूपच मागे पडला तर फॅट (चेंडूआधी जमिनीला लागणारे फटके) आणि मोठे हुक (डावीकडे जोरात वळणारे). ज्यांचा चेंडू आधीच डावीकडे वळतो त्यांनी हा सल्ला ऐकूच नये. बाकीच्यांनी वरचं फेसचं काम संपवूनच तिकडे वळावं.

माझे आयर्न सरळ जातात, ड्रायव्हर मात्र उजवीकडेच. स्विंग तर एकच आहे ना?

एकच आहे, आणि म्हणूनच असं होतं. याचं उत्तर भूमितीत आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पुन्हा तेच छप्पर. वळचण बरोबर टार्गेटकडे आहे असं धरा. क्लबचं डोकं उतारावरून गोल फिरतं, आणि त्या गोलाचा सगळ्यात खालचा बिंदू वळचणीवर असतो. खाली येताना ते छपरावरून खाली आणि बाहेर, म्हणजे उजवीकडे येत असतं. खालचा बिंदू ओलांडला की वर आणि आत, म्हणजे डावीकडे जातं. आयर्नने आपण चेंडू खालच्या बिंदूच्या आधी मारतो. उतार 60 अंशांचा आणि क्लब 4 अंश खाली येत असेल, तर त्या क्षणी मार्ग टार्गेटच्या सुमारे 2 अंश उजवीकडे असतो. ड्रायव्हरचं छप्पर पसरट, समजा 48 अंशांचं, आणि चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) पुढे असल्याने क्लब 3 अंश वर जाताना लागतो. आता मार्ग अडीच ते तीन अंश डावीकडे. स्विंगची दिशा तीच, पण दोन क्लबांच्या मार्गांत जवळपास 5 अंशांचा फरक.

म्हणजे ज्याचे आयर्न किंचित आतून येऊन सुरेख जातात त्याचाच ड्रायव्हर बाहेरून येतो. उपायही यातच आहे. ड्रायव्हरसाठी छपराची वळचण दोन-तीन अंश उजवीकडे वळवा. चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवल्यावर खांदे नकळत उघडतात, ते परत बंद करा, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहू द्या. मी सांगितल्यावर एका मित्राने चेंडूंच्या त्याच बकेटमध्ये फरक पाहिला. स्विंग त्याने बदललाच नव्हता.

मी वीस वर्षं क्रिकेट खेळलो. त्याचा फायदा की तोटा?

हात-डोळ्यांचा मेळ हा मोठा फायदा. पण सरळ बॅटचा फटका जवळजवळ उभ्या प्लेनमध्ये असतो, आणि पुल किंवा स्वीप आडव्या. गोल्फचं प्लेन या दोघांच्या मधलं, ज्याची क्रिकेटमध्ये सवयच लागत नाही. ड्राइव्ह करताना डावं कोपर वर ठेवा, हे लहानपणी मैदानावर ठोकून शिकवलेलं असतं. गोल्फमध्ये तेच कोपर फटक्यानंतर बाहेर वाकतं आणि फेस उघडा राहतो. थर्डमॅनला चेंडू ढकलणाऱ्यांना फेस उघडण्याची सवय तर असतेच.

अशांसाठी छातीच्या उंचीचा सराव उत्तम. क्लब छातीसमोर आडवा धरून हवेत स्विंग करा, आडव्या बॅटच्या फटक्यासारखा. मग तो थोडा थोडा कंबरेतून वाकत खाली आणा. आठ-दहा पायऱ्यांत क्लब जमिनीला टेकतो, आणि फिरणं तेच राहतं.

अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा क्लब तर कुठेही फिरतो. तो जिंकतोच ना?

2003 ची यूएस ओपन त्याच स्विंगने आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 58 फटक्यांची फेरीही त्याच स्विंगने. वर तो क्लब उभा नेतो, मोठा वळसा घेतो आणि कमरेपाशी अचूक जागेवर येतो. दुसऱ्या टोकाला कॅनडाचा मो नॉर्मन आणि आजचा ब्रायसन डिशॅम्बो. हात उंच, शाफ्ट आणि हात जवळपास एका रेषेत, म्हणजे उभं राहतानाचं आणि फटक्याचं प्लेन एकच. डिशॅम्बोचे सगळे आयर्न एकाच लांबीचे, सुमारे साडेसदतीस इंची. त्याने 2020 आणि 2024 ची यूएस ओपन जिंकली. दोन्ही वाटा कमरेपाशी एकत्र येतात.

आपल्याकडचं उदाहरण एसएसपी चौरासियाचं. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखायचे, मुलगा तिथेच बघून बघून शिकला. 2016 आणि 2017 मध्ये लागोपाठ इंडियन ओपन जिंकली. स्विंग पुस्तकाबरहुकूम नसला तरी चेंडूपाशी क्लब रोज तसाच यायला हवा, हे त्याच्याकडे बघून कळतं.

क्लबची लांबी आणि लाय यांचा प्लेनशी संबंध आहे?

आहे. ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंची, सात नंबर 37 च्या आसपास, वेज साडेपस्तीस. क्लब आखूड होतो तसं छप्पर उभं होतं. ते तुम्हाला मुद्दाम करावं लागत नाही, नीट उभे राहिलात की होतं.

अडचण येते ती दुसऱ्याच्या मापाचे क्लब वापरल्याने. बरेच जण वडिलांचे किंवा जुन्या बाजारातले क्लब घेऊन सुरुवात करतात. लाय (टेकलेल्या क्लबच्या शाफ्टचा जमिनीशी कोन) चुकीचा असेल तर फटक्याच्या वेळी टो (डोक्याचं बाहेरचं टोक) वर उचललेला असतो आणि चेंडू डावीकडे जातो, किंवा हील (शाफ्टकडचं टोक) वर आणि उजवीकडे. खेळाडू मात्र स्विंग बदलत बसतो. तपासणी घरचीच: चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसकडे ठेवून मारा. फेसवर उमटलेली रेघ उभी असेल तर लाय ठीक. ती टो किंवा हीलकडे झुकलेली असेल तर क्लब वाकवून घ्यावा लागेल.

पाठ आणि कंबर आखडलेली आहे. पूर्ण वळता येत नाही.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचं हे दुखणं. वळणं कमी पडलं की हात एकटेच वर जातात आणि एकटेच खाली येतात, क्लब उभा. उजवा पाय दोन-तीन इंच मागे घ्या, त्याची बोटं बाहेर वळवा आणि बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या. स्विंग आखूड झाला तरी चालेल. दुखत असेल तर सराव थांबवून आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उतारावर प्लेन बदलायचं का?

खारघरसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या कोर्सवर हा प्रश्न दर दुसऱ्या होलला येतो. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर छप्पर पसरट होतं आणि चेंडू डावीकडे ओढला जातो, तेव्हा क्लब खाली धरा आणि उजवीकडे नेम घ्या. खाली असेल तर उलट, आणि गुडघ्यांचा वाक शेवटपर्यंत टिकवा.

पटिंगलाही प्लेन असतं?

असतं. नियमांनुसार पटरचा (होलजवळ चेंडू हळू ढकलायच्या क्लबचा) शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान 10 अंश कललेला असावाच लागतो, त्यामुळे घड्याळाच्या लंबकासारखा पूर्ण उभा स्ट्रोक सहज होत नाही. छप्पर फार उभं असतं एवढंच. पटर थोडा आत जाऊन थोडा आत परतणं हे नैसर्गिक आहे, त्याला सरळ रेषेत कोंबू नका.

किती दिवसांत जमेल, आणि प्रोकडे कधी जावं?

हवेत हळू स्विंग करताना आठवड्यात जमतं. चेंडू समोर आला की जुनी सवय परत येते, आणि नवी सवय पक्की व्हायला महिने लागतात. सुरुवातीला योग्य प्लेन चुकीचं वाटतं. शाफ्ट दोन बोटं पसरट झाला तरी हातभर खाली पडल्यासारखा वाटतो. भावनेवर जाऊ नका, टॉर्चवर आणि नीट लावलेल्या व्हिडिओवर जा.

पन्नास चेंडूंच्या बकेटमधले पहिले वीस मी कमर ते कमर मारतो, सात नंबरने, प्रत्येक चेंडूआधी दोनदा हवेत. पुढचे वीस कव्हर ठेवून. शेवटचे दहा काहीही न आठवता, दर वेळी वेगळं टार्गेट निवडून. घाई असेल त्या दिवशी मधले वीस सोडतो, पहिले वीस नाही.

महिनाभर असं करूनही चेंडू कुठे जाईल याचा अंदाज येत नसेल, किंवा शँक सुरू झाले असतील, तर प्रोकडे जा. जाताना मागून आणि समोरून घेतलेले व्हिडिओ न्या, सात नंबर आणि ड्रायव्हर दोन्हीचे, आणि प्रत्येक व्हिडिओतला चेंडू कुठून निघाला आणि कुठे वळला ते कागदावर लिहून ठेवा.